परदेशी पाहुण्यांना भारत दाखवायचाय? दोन दिवस सोलापूरला ठेवा

पाहुणे आले की आपण त्यांना दिल्ली-आग्रा-जयपूर पळवतो, पण आपला देश किती वेगवेगळा आहे ते बघायचं असेल तर खरंच सोलापूरला दोन दिवस द्या. इथे बाजारात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चारही भाषा कानावर पडतात, आणि पूर्व भागात तेलुगू बोलणारे पद्मशाली विणकर राहतात, आपल्या चादरी-टॉवेल त्यांच्याच हातचे, मालकाला विचारून चालू यंत्रमाग दाखवा, पाहुणे हमखास खूश होतात. एक दिवस गाडी करून विजयपूर (म्हणजे आपलं जुनं विजापूर), साधारण १०० किमी, १६५६ चा गोलघुमट सकाळी लवकरच गाठा म्हणजे गर्दी व्हायच्या आत प्रतिध्वनी नीट ऐकू येतो. वेळ उरला तर तुळजापूर. जेवायला कडक भाकरी आणि शेंगा चटणी, आणि इकडे पाऊस कमी म्हणून ज्वारी पिकते हेपण त्यांना सांगा, ताटातच भूगोल समजतो. एप्रिल-मे नकोच, पारा ४० च्या वर जातो. जमलं तर संक्रांतीला आणा, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, नंदीध्वजांची, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांची, मिरवणूक बघायला मिळते, फक्त हॉटेल आधीच बुक करा.