आडवा वारा मनातल्या मनात काढा, घड्याळावरून

विमान उतरवताना वारा कळला तरी त्यातला आडवा भाग, म्हणजे धावपट्टीला काटकोनात वाहणारा भाग किती, हे काढताना कॅल्क्युलेटर शोधण्यात वेळ जातो. त्यापेक्षा घड्याळ वापरा.

१. धावपट्टीच्या आकड्यापुढे शून्य लावा. मुंबईची २७ म्हणजे साधारण २७० अंश.
२. वाऱ्याची दिशा आणि हा आकडा यांतला फरक काढा.
३. तो फरक मिनिटे समजा: १५ म्हणजे पाव, ३० म्हणजे अर्धा, ४५ म्हणजे पाऊण, ६० किंवा जास्त म्हणजे पूर्ण वारा.

उदाहरणार्थ, वारा २४० अंशांवरून २० नॉट (ताशी सागरी मैल). फरक ३०, म्हणजे अर्धा: १० नॉट, डावीकडून. ४५ अंशांना खरे उत्तर ०.७१ पट येते. पाऊण धरले तर चूक सुरक्षित बाजूलाच राहते. वाऱ्याचे झोत (वेगातली अचानक वाढ) सांगितले असतील तर हिशोब झोताच्याच आकड्यावर करा. पावसाळ्यात हे विसरू नका, कारण धावपट्टी ओली असली की विमानाची आडव्या वाऱ्याची मर्यादा बहुधा कमी धरावी लागते.

एक सावधगिरी: मेटारमधली (विमानतळाच्या हवामान अहवालातली) दिशा खऱ्या उत्तरेपासून असते, नियंत्रण टॉवर सांगतो ती चुंबकीय उत्तरेपासून, आणि धावपट्टीचा आकडाही चुंबकीय. मुंबईत या दोन उत्तरांमधला फरक नगण्य आहे. पण जिथे तो १५-२० अंशांचा असतो तिथे उत्तर साफ चुकते.