फितीतला गाळलेला शब्द : वॉटरगेटची व्यंगचित्रे वाचायला शिकताना

अमेरिकी राजकारणाच्या अभ्यासक्रमात व्यंगचित्राचे विश्लेषण पहिल्यांदा लिहायची वेळ आली, तेव्हा मी ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे व्यंगचित्रकार हर्बर्ट ब्लॉक, म्हणजेच ‘हर्ब्लॉक’, यांचे २४ मे १९७४ चे चित्र निवडले. ध्वनिफितीची दोन मोठी रिळे आहेत, फीत मधेच तुटली आहे आणि त्या तुटलेल्या जागी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन लोंबकळत आहेत. फितीच्या एका भागावर ‘आय अ‍ॅम’ आणि दुसऱ्यावर ‘अ क्रूक’ असे शब्द आहेत. मी निक्सन यांच्या चेहऱ्यावर अर्धे पान लिहिले आणि मधल्या रिकाम्या जागेवर एक ओळही लिहिली नाही.

खरे तर सगळे चित्र त्या जागेतच आहे. १७ नोव्हेंबर १९७३ रोजी निक्सन यांनी जाहीरपणे ‘आय अ‍ॅम नॉट अ क्रूक’, म्हणजे ‘मी लबाड नाही’, असे सांगितले होते. त्याच महिन्यात निक्सन यांच्या संभाषणाच्या २० जून १९७२ च्या ध्वनिमुद्रणातली साडेअठरा मिनिटे पुसली गेल्याचे न्यायालयासमोर आले. वॉटरगेट इमारतीतील विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात या प्रकरणाला तोंड फोडणारी घरफोडी झाली, त्यानंतर तीनच दिवसांनी झालेले ते संभाषण होते. पुसलेली फीत आणि गाळलेला ‘नॉट’ यांची सांगड चित्रकाराने घातली आहे, हे या घटना ठाऊक असल्याशिवाय उमगत नाही. म्हणून नवख्या विद्यार्थ्याने चित्रातल्या माणसाच्या आधी, काय झाकले आहे आणि ते कोणाच्या ताब्यात आहे, हे पाहावे असे मला मनापासून वाटते.

माझी दुसरी चूक तारखेची होती. फिती गोपनीय ठेवण्याचा निक्सन यांचा विशेषाधिकाराचा दावा सर्वोच्च न्यायालयाने फेटाळल्यावर हे चित्र आले, असे मी लिहून टाकले. प्रत्यक्षात निकाल दोन महिन्यांनी, २४ जुलै १९७४ रोजी, आठ विरुद्ध शून्य मतांनी लागला. मे महिन्यात वाचकांच्या हाती व्हाइट हाउसने संपादित करून दिलेली फितींची लेखी प्रत तेवढी होती, ज्यात अपशब्दांच्या जागी ‘अपशब्द वगळला’ अशा अर्थाची टीप छापली होती. अध्यक्ष सांगतील तेवढेच ऐकायचे, या अवस्थेतल्या वाचकासाठी ते चित्र काढले होते. निकाल माहीत असलेल्या आपल्या नजरेने ते वाचले, तर त्यातली अनिश्चितता हरवते.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. अध्यक्षाने आपल्या सल्लागारांशी केलेली चर्चा गोपनीय ठेवण्याच्या या अधिकाराचा अमेरिकी राज्यघटनेत शब्दशः उल्लेख नाही. तरीही सर्वोच्च न्यायालयाने त्याच निकालात तो मान्य केला, कारण उघडे पडण्याची भीती असेल तर सल्लागार मोकळेपणाने बोलणार नाहीत. मात्र तो निरंकुश नाही आणि फौजदारी खटल्यातील पुराव्याच्या नेमक्या गरजेपुढे गोपनीयतेच्या सर्वसाधारण दाव्याला माघार घ्यावी लागते, असे न्यायालयाने ठरवले. व्यंगचित्राला ही दुसरी बाजू मांडता येत नाही आणि ती त्याची जबाबदारीही नव्हे. ती विश्लेषकाची आहे. आता मी लिहिताना निकालपत्र शेजारी उघडे ठेवतो आणि चित्राचा दावा कुठे निकालाशी जुळतो व कुठे त्याच्या पुढे जातो, हे वेगळ्या परिच्छेदात नोंदवतो. हर्ब्लॉक यांच्या त्या चित्रावर मी तो परिच्छेद तीनदा नव्याने लिहिला आहे.