लेपर्ड गेकोचे रातकिडे डब्यातच मरत होते, त्यावरचा उपाय

लेपर्ड गेको या पाळीव पालीला खायला आणलेले रातकिडे दोन-तीन दिवसांत मरायचे आणि डब्याला अमोनियाचा उग्र वास यायचा. कारण उपासमार नव्हतं, ओल होती. पाण्याच्या वाटीत किडे बुडत, झाकणाला भोकं कमी असल्याने आत दमटपणा साचे आणि मेलेले किडे कुजून बाकीच्यांनाही संपवत.

झाकणाचा मधला भाग कापून तिथे धातूची बारीक जाळी बसवली. प्लॅस्टिकची जाळी रातकिडे कुरतडतात. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे ठेवले, म्हणजे विष्ठा खाली पडते आणि दाटी होत नाही. पाण्याची वाटी काढून गाजराच्या चकत्या ठेवल्या, त्या रोज बदलायच्या. मेलेले किडेही रोज वेचायचे. तापमान २५ ते ३० अंश.

गेकोला द्यायच्या आधी किमान २४ तास किड्यांना गाजर, शेवग्याचा पाला, गव्हाचा कोंडा पोटभर खाऊ घाला. उपाशी किडा म्हणजे नुसतं कवच! किडा गेकोच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको. पिशवीत चिमूटभर कॅल्शियम पावडर टाकून किडे हलवा आणि लगेच द्या, कारण ते अंग साफ करून पावडर झटकतात. कॅल्शियम कमी पडलं की हाडं मऊ होतात, पाय वाकतात.

पिल्लाला रोज, मोठ्याला दिवसाआड, पंधरा मिनिटांत संपेल इतकंच. उरलेले किडे काढाच. झोपलेल्या गेकोला ते चावतात.