दात पोटात कसा घडतो: दोन पेन्सिलींनी काढून शिका

दात कसा तयार होतो हे शिकायचं तर आठवड्यांचा तक्ता पाठ करा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. पाठ केलेला तक्ता चार दिवस टिकत नाही. त्याऐवजी एक निळी आणि एक लाल पेन्सिल घ्या आणि एकाच दाताची चित्रं एकाखाली एक काढत जा. मी विद्यार्थ्यांकडून कित्येक वर्षं हेच करून घेते. निळा रंग तोंडाच्या अस्तराचा, लाल रंग त्याखालच्या मऊ पेशींचा. या लाल पेशी मूळच्या तिथल्या नव्हेत. मेंदू आणि मज्जारज्जू ज्या पट्टीतून घडतात, तिच्या कडेवरून सरकत त्या जबड्यात आलेल्या असतात. रंगांचा हा नियम शेवटपर्यंत मोडायचा नाही.

पहिलं चित्र सोपं आहे. गर्भाच्या वाढीच्या साधारण ६व्या आठवड्यात अस्तर जबड्याच्या कडेने घोड्याच्या नालेसारखं जाड होतं. तिथे जाड निळी रेघ ओढा.

दुसरं, कळी. ८व्या आठवड्याच्या सुमारास त्या रेघेतून निळे कोंब, म्हणजेच कळ्या, लाल भागात उतरतात. प्रत्येक जबड्यात १०, म्हणजे दुधाच्या २० दातांचे २० कोंब.

तिसरं, टोपी. कळीचा तळ आत दबतो आणि त्या खोबणीत लाल पेशी दाटीने जमतात. इथे एक गोष्ट मनात पक्की करा: निळी टोपी म्हणजे अख्खा दात नव्हे. तिच्यापासून फक्त इनॅमल, म्हणजे दातावरचं बाहेरचं कठीण आवरण, होणार आहे. डेंटिन, म्हणजे इनॅमलखालचा थर, आणि त्याच्या आतला मऊ गर, दोन्ही लाल पेशींचे. निळी टोपी आणि खोबणीतल्या लाल पेशी, दोघांना मिळून वेढणारी लाल पिशवीही काढा. दाताला हाडात धरून ठेवणारे धागे तिच्यातून येतात.

आता चौथं चित्र, घंटा. इथे घाई केलीत तर बाकीची मेहनत वाया गेली म्हणून समजा. टोपी खोल होऊन घंटेसारखी दिसते आणि घंटेच्या आतल्या कडेला निळ्या पेशींची एक ओळ उभी राहते. निळं आणि लाल जिथे भेटतात ती सीमारेषा टोकदार पेन्सिलीने काढा. दाताच्या माथ्याचा आकार तीच ठरवते.

शिकत असताना मी याच चित्रात अडकले होते. इनॅमल बाहेरून दिसतं, म्हणजे तेच आधी तयार होत असणार, अशी माझी खात्री होती. मी आधी इनॅमलचा जाड थर काढला आणि डेंटिन नंतर आत भरलं. परीक्षकांनी एवढंच विचारलं, "या निळ्या पेशींना काम सुरू करायला सांगितलं कुणी?" मला उत्तर देता आलं नाही.

खरा क्रम असा. आतल्या ओळीतल्या निळ्या पेशी उंच होतात आणि शेजारच्या लाल पेशींना इशारा देतात. त्या लाल पेशी सीमारेषेला लागून ओळीत उभ्या राहतात आणि डेंटिनचा पहिला पातळ थर घालतात. त्या थरामुळे निळ्या पेशींना उलट इशारा मिळतो आणि मगच त्या इनॅमल घालू लागतात. डेंटिन आधी, इनॅमल नंतर. हे उलटं सांगणारं चित्र कुठेही दिसलं तरी त्यावर विश्वास ठेवू नका.

यानंतर सीमारेषेपासून दोन बाण काढा, एक आत आणि एक बाहेर. फरशी पुसणारा माणूस जसा मागे मागे सरकतो, तशा दोन्ही ओळी आपण घातलेल्या थरापासून मागे सरकतात. लाल पेशी गराकडे जाताना प्रत्येकी एक बारीक शेपूट डेंटिनमध्ये ठेवून जाते. त्या शेपटीभोवतीच डेंटिनमधली नळी बनते. निळ्या पेशी बाहेरच्या बाजूला सरकतात. दात तोंडात येताना त्या नष्ट होतात, म्हणून झिजलेलं इनॅमल शरीराला पुन्हा बनवता येत नाही. लाल पेशी मात्र गराच्या कडेला जिवंत राहतात.

हे काम दाताच्या टोकापासून सुरू होऊन मानेकडे, म्हणजे माथा आणि मूळ जिथे भेटतात तिकडे, उतरतं. त्यामुळे टोकाशी थर जाड, बाजूंना पातळ आणि मानेजवळ काहीच नाही, असं चित्र हवं. छोटा दात काढून तो फुग्यासारखा मोठा होताना दाखवू नका. एकदा थर बसला की सीमारेषेचा तेवढा भाग कायमचा ठरला. दुधाच्या पुढच्या दातांत हे साधारण १४व्या आठवड्यात सुरू होतं आणि जन्माच्या वेळी वीसही दातांच्या माथ्यावर कठीण थर बसू लागलेला असतो.

मूळ काढायला एक रेघ पुरे: घंटेची निळी किनार दुपदरी होऊन खाली वाढते आणि तिच्या आतून डेंटिन बसत जातं. हे काम दात तोंडात आल्यावरही चालू राहतं.

शेवटी घंटेच्या शेजारी, जिभेच्या बाजूला, आणखी एक निळी कळी काढा. दुधाचा दात पडल्यावर येणारा कायमचा दात तो. कायमच्या दाढांना अशी जागा मिळत नाही, कारण त्यांच्या आधी तिथे दुधाचा दात नसतोच. त्यांच्यासाठी पहिल्या चित्रातल्या नालेची मागची टोकं लांबवा आणि कळ्या तिथे काढा.