मलावीच्या खेड्यात राहायला जाताय? मग हे वाचून जा

मलावीला चाललेय म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात, एक "मालदीव का? वा!" आणि दुसरी "अच्छा, नोव्हेंबरात वाशी मार्केटला हापूस येतो तिथे!" दुसरीवाले निदान योग्य खंडात तरी असतात. मी दक्षिणेकडे मुलांजे जिल्ह्यात एका शाळेच्या कामासाठी व्हॉलंटियर म्हणून राहिले, त्यामुळे खालचं सगळं त्या भागातलं आहे, उत्तरेत किंवा मलावी तलावाकाठी फरक असणारच.

आधी बॅग. आफ्रिका म्हणजे ऊन असं धरून लोक नुसते पातळ कॉटनचे कपडे भरतात. पण मुलांजेचा डोंगर 3002 मीटर उंच आहे आणि जून-जुलैत मोझांबिकच्या बाजूने चिपेरोनी नावाचा गार वारा येतो, सोबत दिवसभर भुरभुर पाऊस, तेव्हा स्वेटर हवाच. प्लग तिथे ब्रिटिश पद्धतीचे चौकोनी तीन पिनांचे, आपले बसत नाहीत. हिंग, गोडा मसाला न्या, तूरडाळ मात्र नेऊ नका प्लीज! तूर तिथे मक्यात आंतरपीक म्हणून सर्रास असते, नांडोलो म्हणतात, आणि 2021 मध्ये आपल्या सरकारने मलावीकडून वर्षाला 50 हजार टन तूर घ्यायचा करार केलाय. ते लोक अख्खीच शिजवतात, सोललेली डाळ हवी असेल तर ब्लांटायरला लागून लिंबे आहे, तिथल्या गुजराती दुकानांत मिळते.

रोजचं जेवण म्हणजे न्सिमा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड समजा, सोबत कालवण. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, घेवड्यासारख्या शेंगांचे दाणे, भोपळ्याचा पाला शेंगदाण्याचं कूट घालून (हा प्रकार फार भारी लागतो), भेंडी. फक्त पाहुणा आला की कोंबडी कापायची पद्धत आहे, आणि कापून झाल्यावर नाही म्हणणं त्या घरावर अन्याय, म्हणून आपण मांस खात नाही हे पहिल्याच आठवड्यात शेजारपाजारी सगळ्यांना कळेल असं करा. मासे वेगळे सांगा, सुकट मासळी हे तिथे भाजीतच धरतात.

आता मुख्य गोष्ट. पहिले काही आठवडे कामाच्या मागे धावू नका, ओळख करून घ्या. गावात गेल्यावर आधी गावच्या मुखियाला, म्फुमूला, भेटायचं, ते झाल्याशिवाय कोणी तुमच्याशी मोकळेपणाने बोलेल ही अपेक्षा ठेवू नका. कोणाच्याही दारात गेलं की "ओडी!" अशी हाक द्यायची, आतून "ओडीनी" आलं की मगच आत. रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला "मुली ब्वांजी" (कसे आहात?), त्याचं उत्तर ऐकायचं, मग आपलं द्यायचं, घाईत असलात तरी. मला सुरुवातीला वाटायचं यात किती वेळ जातो, पण सगळ्या बातम्या याच बोलण्यातून कळतात हो, मीटिंगमध्ये कोणी काही बोलत नाही. हापशावर पाणी भरायला स्वतः जा, बायकांशी ओळख तिथेच होते. आणि गावात मयत झाली की सगळी कामं बंद, तुम्हीही जा, बायकांत खाली बसा, काही बोलावं लागत नाही. नाही गेलात तर ते लक्षात राहतं.

बायकांनी चितेंजे, म्हणजे कमरेला गुंडाळायचं छापील कापड, कायम जवळ ठेवावं. पहिले राष्ट्राध्यक्ष बांडा यांच्या राजवटीत बायकांना पँट आणि आखूड स्कर्ट घालायला कायद्यानेच बंदी होती, ती 90 च्या दशकात उठली, पण खेड्यात गुडघे झाकलेलेच बरे.

अजून एक, आपण भारतीय म्हणजे दुकानदार असंच लोक धरतात, दोष त्यांचा नाही, बाजारपेठेतले जुने व्यापारी आपलेच होते आणि 1970 च्या दशकात सरकारने त्यांना खेड्यांतून उठवून मोठ्या शहरांत पाठवलं. त्यामुळे तुम्ही दुकान टाकणार नाही आहात हे परत परत सांगावं लागतं, चिडू नका.

जानेवारी ते मार्च घराघरांतला मका संपत आलेला असतो, नवीन पीक एप्रिलच्या सुमाराला. या दिवसांत पैसे मागायला लोक येणारच. एकेकाला परस्पर देत बसलात तर गावात हेवेदावे सुरू होतात, माझ्या मते म्फुमू किंवा शाळा समितीमार्फत द्यावं, किंवा मग सरळ नाही म्हणावं. पैशासाठी एअरटेल मनी किंवा म्पाम्बा, म्हणजे मोबाईलवरचं पैशाचं खातं, घेऊन टाका, एटीएम जिल्ह्याच्या गावी. मिनीबस भरल्याशिवाय हलत नाही, आणि डॉलरची चणचण असली की पेट्रोलही गायब होतं, तेव्हा एका दिवसात शहरात जाऊन येऊ असला हिशेब धरू नका.

तब्येतीचं थोडक्यात: मच्छरदाणी रोज, मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरला विचारून निघण्याआधीच सुरू करा, ताप आला की क्रोसिन घेऊन दोन दिवस बघू हा आपला प्रकार तिथे नको, त्याच दिवशी टेस्ट. सरकारी दवाखान्यात फुकट आहे. बाहेर वाळवलेल्या कपड्यांवर एक माशी अंडी घालते, अळी कातडीत शिरते, म्हणून आतल्या कपड्यांनासुद्धा कोळशाची इस्त्री. तलावात पोहलात तर परत आल्यावर बिलहार्झियाची (पाण्यातून कातडीत शिरणाऱ्या जंतांचा आजार) तपासणी करून घ्या. आणि तिकीट अदिस अबाबा किंवा नैरोबीवरून असेल आणि मध्ये मुक्काम करणार असाल, तर हे दोन्ही देश भारताच्या यलो फिव्हरच्या यादीत आहेत, लस किमान 10 दिवस आधी घ्या, पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा.