व्हिज्युअल स्टुडिओत प्रीप्रोसेसर स्थिरांक बिल्डच्या पर्यायांतून कसे द्यावेत

सी++ च्या एकाच कोडमधून चाचणीची आणि ग्राहकाला द्यायची अशा दोन आवृत्त्या काढायच्या असतील, तर दर वेळी हेडर फाइल उघडून हॅश-डिफाइनची (#define) ओळ बदलण्यापेक्षा, कोणता भाग कंपाइल व्हावा हे प्रीप्रोसेसरला, म्हणजे कंपाइल होण्याआधी कोडवर प्रक्रिया करणाऱ्या भागाला, सांगणारा स्थिरांक कंपायलरला बाहेरून देणे केव्हाही चांगले. कोड जसाच्या तसा राहतो आणि तात्पुरती बदललेली ओळ नजरचुकीने गिटमध्ये (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) जात नाही. पुढील पद्धत मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओची आहे. स्थिरांकांची नावे येथे उच्चाराप्रमाणे दिली असली, तरी प्रत्यक्षात ती रोमन मोठ्या अक्षरांत लिहावीत.

सोल्यूशन एक्सप्लोररमध्ये प्रकल्पाच्या नावावर (सोल्यूशनच्या नव्हे) राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडावे. डावीकडे 'सी/सी++' हा गट दिसत नसेल, तर प्रकल्पात अजून एकही सीपीपी फाइल नाही असे समजावे. रिकामी का होईना, एक फाइल जोडली की तो दिसू लागतो. त्यातील 'प्रीप्रोसेसर' पानावर 'प्रीप्रोसेसर डेफिनिशन्स' ही ओळ असते आणि तिच्यात अर्धविरामांनी वेगळी केलेली काही नावे आधीच असतात. त्यांतले काहीही न पुसता सुरुवातीला 'लॉग_लेव्हल=2' आणि त्यानंतर अर्धविराम लिहावा. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडू नये. नुसते नाव लिहिले, तर कंपायलर त्याची किंमत 1 धरतो.

खरी काळजी घ्यायची ती खिडकीच्या वरच्या बाजूच्या 'कॉन्फिगरेशन' आणि 'प्लॅटफॉर्म' या दोन याद्यांची. डीबग (चाचणीची आवृत्ती) आणि एक्स64 (64-बिट) निवडून लिहिलेला स्थिरांक रिलीजला (ग्राहकाच्या आवृत्तीला) ठाऊकच नसतो, आणि तरीही कंपायलर सहसा तक्रार करत नाही, कारण हॅश-इफच्या (#if) अटीत आलेले अनोळखी नाव प्रीप्रोसेसर निमूटपणे 0 मानतो. परिणामी बिल्ड यशस्वी होते, पण अपेक्षित भाग त्यात नसतो. उलट सर्व कॉन्फिगरेशन एकदम निवडून जुना मजकूर खोडला, तर रिलीजमधील 'एनडीबग' नाहीसा होण्याचा धोका असतो. तो गेला की असर्टच्या तपासण्या, म्हणजे कोडमध्ये गृहीत धरलेली अट खरी आहे ना हे पाहणाऱ्या ओळी, ग्राहकाच्या संगणकावरही चालू राहतात. म्हणून प्रत्येक कॉन्फिगरेशन स्वतंत्रपणे उघडून लिहिणे थोडे वेळखाऊ असले, तरी सुरक्षित आहे.

स्थिरांक खरोखर पोहोचला की नाही, हे 'सी/सी++' गटातील 'कमांड लाइन' पानावर पाहता येते: स्लॅश, मोठा डी आणि अवतरणांत आपले नाव असा पर्याय तेथे दिसला पाहिजे. एडिटरमध्येही लागू नसलेला भाग फिकट दिसतो, पण तो वरच्या टूलबारवर निवडलेल्या कॉन्फिगरेशननुसार, हे विसरू नये. याहून पक्का उपाय म्हणजे स्थिरांक नसेल तर हॅश-एररने बिल्डच थांबवणे. ज्याच्या अभावी चुकीचा प्रोग्राम तयार होईल अशा प्रत्येक स्थिरांकासाठी हॅश-इफएनडेफ (#ifndef, म्हणजे 'हे नाव नसेल तर'), हॅश-एरर (#error) आणि हॅश-एंडइफ (#endif) या तीन ओळी लिहाव्यात, असे माझे मत आहे.

हॅश-इफडेफ (#ifdef) फक्त नाव आहे की नाही एवढेच पाहतो. त्यामुळे एखादी सोय बंद करण्यासाठी 'लॉग=0' लिहिले आणि कोडमध्ये हॅश-इफडेफ असेल, तर ती सोय चालूच राहते. किंमत द्यायची असेल तेथे हॅश-इफ वापरावे.

मजकुराची किंमत देताना दोन्ही अवतरणचिन्हांपूर्वी बॅकस्लॅश लागतो, नाहीतर ती चिन्हे कोडपर्यंत पोहोचत नाहीत. पासवर्ड मात्र या मार्गाने देऊ नये: कोडमध्ये वापरलेला मजकूर तयार झालेल्या ईएक्सई फाइलमध्ये साध्या साधनांनीही वाचता येतो, शिवाय प्रकल्पाच्या फाइलमध्ये तो उघडाच असतो.

तेच नाव वेगळ्या किमतीने कोडमध्येही असेल, तर सी4005 ही सूचना येते. ती दुर्लक्षित करू नये, कारण तेथून पुढे कोडमधलीच किंमत चालते. हेडरमधील व्याख्या हॅश-इफएनडेफच्या आत ठेवली, की बाहेरून दिलेली किंमत टिकते आणि काहीच दिले नसेल तेव्हा हेडरमधली वापरली जाते.

एकाच फाइलपुरता स्थिरांक हवा असेल, तर त्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्येही हीच ओळ मिळते. मात्र प्रकल्पात प्रीकंपाइल्ड हेडर (एकदाच आधी कंपाइल करून सर्व फाइलींसाठी वापरले जाणारे हेडर) असेल तर हा मोह टाळावा. हेडर एका स्थिरांकासह आणि फाइल दुसऱ्यासह कंपाइल झाली की सी4605 ही सूचना येऊ शकते.