लिनिअर अल्जिब्राच्या पेपरआधी काय काय पक्कं हवं

सुरुवात व्याख्यांपासून करा, आणि त्या पुस्तक मिटून लिहा. स्पॅन, लिनिअर इंडिपेंडन्स, बेसिस, डायमेन्शन, कर्नल, रँक, आयगेनव्हेक्टर. फार नाहीत, पण अर्धवट पाठ असतील तर काही उपयोग नाही. मॅट्रिक्सनं गुणल्यावर जो व्हेक्टर स्वतःच्याच काही पट होतो तो आयगेनव्हेक्टर, आणि ती पट म्हणजे आयगेनव्हॅल्यू; यात ‘आयगेनव्हेक्टर शून्य नसतो’ एवढे तीन शब्द राहिले तर कुठलीही संख्या आयगेनव्हॅल्यू ठरेल! ‘सिद्ध करा’ म्हणून येणारे बरेचसे प्रश्न व्याख्या नीट मांडली की अर्धे सुटलेले असतात.

मग रो रिडक्शन, म्हणजे एका ओळीतून दुसरीची पट वजा करत मॅट्रिक्स सोपी करणं. हे कंटाळवाणं आहे आणि म्हणूनच टाळलं जातं, पण पेपरातलं निम्मं गणित इथूनच जातं. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून हाताने करा आणि कोणत्या ओळीतून किती पट वजा केलं ते प्रत्येक पायरीशेजारी लिहा, म्हणजे चुकलंच तर नेमकं कुठे ते सापडतं. इथे एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. कॉलम स्पेसचा (स्तंभांच्या स्पॅनचा) बेसिस मागितला तर पिव्हट (ओळीतली पहिली शून्येतर संख्या) कुठे आले ते रिडक्शन केलेल्या मॅट्रिक्समध्ये पाहायचं, पण स्तंभ मूळ मॅट्रिक्समधले उचलायचे. रो ऑपरेशननं स्तंभांमधली आपसातली नाती टिकतात, कॉलम स्पेस मात्र बदलू शकते. रो स्पेस बदलत नाही, म्हणून तिच्यासाठी रिडक्शननंतरच्या शून्येतर ओळी चालतात. शेवटी स्तंभ मोजा: ५ स्तंभ आणि रँक (पिव्हटची संख्या) ३ असेल, तर नल स्पेसच्या (मॅट्रिक्सनं गुणल्यावर शून्य होणाऱ्या व्हेक्टरांच्या) बेसिसमध्ये २ व्हेक्टर यायलाच हवेत.

डिटर्मिनंटवर फार वेळ घालवू नका. ओळींची अदलाबदल केली की चिन्ह बदलतं, आणि ३×३ मॅट्रिक्सला २ नं गुणलं की डिटर्मिनंट ८ पट होतो, दुप्पट नाही. एवढं पुरे.

आयगेनव्हॅल्यूंचं उत्तर जागच्या जागी तपासता येतं, तरी फार थोडे जण तपासतात. पहिली ओळ ४, १ आणि दुसरी २, ३ अशी मॅट्रिक्स घ्या. मुख्य कर्णावरच्या संख्यांची बेरीज ७, डिटर्मिनंट १०. आयगेनव्हॅल्यू ५ आणि २, म्हणजे बेरीज ७, गुणाकार १०. जुळलं. आयगेनव्हेक्टर काढल्यावर तो मॅट्रिक्सनं गुणून पाहा: (१, १) चे (५, ५) झाले, म्हणजे बरोबर. एखादी आयगेनव्हॅल्यू दोनदा आली तर डायगोनलायझेशनला (मॅट्रिक्स कर्णरूपात आणायला) हात घालण्याआधी तिचे इंडिपेंडंट आयगेनव्हेक्टर किती मिळतात ते मोजा.

‘खरे की खोटे’ प्रश्नांसाठी २×२ च्या तीन मॅट्रिक्स जवळ ठेवा. माझ्या मते पाठ करायच्याच असतील तर याच. पहिल्या ओळीत १, १ आणि दुसऱ्या ओळीत ०, १ असलेली मॅट्रिक्स इन्व्हर्टिबल आहे (तिची व्यस्त मॅट्रिक्स असते), पण डायगोनलायझेबल नाही. १, ० आणि ०, ० हिचं नेमकं उलटं. ०, १ आणि ०, ० ही स्वतः शून्य नाही, पण तिचा वर्ग शून्य. ‘इन्व्हर्टिबल असेल तर डायगोनलायझेबल असतेच’ यासारखी कितीतरी विधानं या तिघींपैकी एखादी पाडते.

सबस्पेसच्या प्रश्नात आधी शून्य व्हेक्टर आत आहे का ते पाहा; क्ष + य = १ ही रेषा तिथेच बाद होते. ग्रॅम-श्मिटमध्ये आधी सगळे व्हेक्टर परस्परलंब करून घ्या आणि लांबी १ करायचं काम शेवटी ठेवा, नाहीतर वर्गमुळांचा गुंता होतो. सिद्धतांपैकी दोन न पाहता लिहिता याव्यात: रँक-नलिटी प्रमेय (रँक आणि नल स्पेसचं डायमेन्शन यांची बेरीज म्हणजे स्तंभांची संख्या), आणि वेगवेगळ्या आयगेनव्हॅल्यूंचे आयगेनव्हेक्टर इंडिपेंडंट असतात हे प्रमेय.

एक जुना पेपर घड्याळ लावून सोडवा आणि शेवटची दहा मिनिटं नव्या प्रश्नाला देऊ नका. त्या वेळात वर सांगितलेले गुणाकार आणि बेरजा ताडून पाहा.